दुकानदाराला न विचारलेला प्रश्न

आमच्या घरी दिवाणखान्यात काचेची एक टाकी आहे. ६० लिटर पाणी मावेल एवढीच. त्यात खारे पाणी, थोडा खडक आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आहेत. येणारा पाहुणा तिच्यापुढे थांबतो आणि हमखास विचारतो, "केवढ्याला पडली?" आजवर ह्या प्रश्नाचे उत्तर मी रुपयांत देत आलो. गेल्या उपवासकाळात मात्र स्वतःशी हिशेब मांडायला बसलो, तेव्हा तो रुपयांत बसेना. तो आपल्या धर्मग्रामातल्या वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण असाच हिशेब आणखी काही घरांत निघेल असा माझा संशय आहे.

मूळ हट्ट धाकट्या मुलाचा. 'फाइंडिंग निमो' हा २००३ सालचा चित्रपट त्याने इतक्या वेळा पाहिला की आम्हा सर्वांना तो पाठ झाला. "पप्पा, आपण पण असा समुद्र आणूया ना घरात!" त्याला निमो हवा होता आणि निमोच्या वडिलांबरोबर फिरणारी ती विसरभोळी निळी मासोळीही हवी होती. तो निळा मासा वाढून फूटभर होतो, त्याला शेकडो लिटरची टाकी लागते, असे समजावून तो अर्धा बेत मोडला. निमोच्या जातीचा क्लाऊनफिश मात्र लहान जागेत राहू शकतो. तेव्हा टाकी लहान आणि साधीच करायची असे ठरले.

पाचूबंदरला माझ्या वडिलांचे एक स्नेही आहेत, सारे आयुष्य बोटीवर गेलेले. मी मीठ विकत आणून समुद्र बनवतो आहे हे ऐकून ते पोट धरून हसले. "अरे पोरा, दर्या दारात असताना तू दर्याचं मीठ विकत आणतोस?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण आपल्या किनाऱ्याचे पाणी खाडीच्या गाळाने गढूळ, त्यात शहराचे सांडपाणी. प्रवाळ वाढतात ते पाणी बहुतेक ठिकाणी नितळ असते. म्हणून फिल्टरच्या शुद्ध पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ विरघळवायचे. हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा आला की समुद्र तयार.

तयार असे मला वाटले. त्या पाण्यात लगेच मासा सोडला तर तो जगत नाही. माशाच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. खडकाच्या छिद्राछिद्रांत एका प्रकारचे जिवाणू वस्तीला आले की ते त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू येऊन त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासे सहन करतात. डोळ्यांना न दिसणारी ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर पंप चालू, दिवा चालू, वीजबिल चालू, आणि आत काहीच नाही! दीड महिना आम्ही रिकाम्या पाण्याकडे पाहत बसलो. शेजारी हळहळून विचारायचे, "मासे मेले का हो?"

पुढे मासे आले, रुळले, आणि मग टाकीचा स्वभाव कळू लागला. तिच्यातले पाणी रोज थोडे उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून पातळी खाली गेली की भर घालायची ती गोड्या पाण्याची; खाऱ्या पाण्याची घातली तर खारटपणा वाढतच जातो. खाण्याचेही तसेच. जे आत टाकले ते आतच राहते, दर आठवड्याला थोडे पाणी बदलून आपण ते स्वतःच्या हाताने बाहेर काढेपर्यंत. मोठा समुद्र आपल्या पुष्कळ चुका पोटात घालतो, निदान तसे आपल्याला दिसते. ६० लिटरला ते जमत नाही. चिमूटभर खाणे जास्त पडले तर दुसऱ्या दिवशी पाणी गढूळते. लहान टाकी सांभाळायला सोपी असेल हा माझा समज होता. जाणकार नेमके उलटे सांगतात, आणि त्यांचे खरे आहे.

आता मुद्द्यावर येतो. मासे सुखी होते, पण नुसता खडक मला ओकाबोका वाटत होता. मुलाची काही तक्रार नव्हती; हौस आता माझी होती. मुंबईतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मागच्या खोलीतून मुठीएवढा जिवंत दगडी प्रवाळ आणून दाखवला. पाण्यात त्याची हिरवट टोके वाऱ्यावरच्या भातासारखी हलत होती. भाव ठरला. त्याने पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळली. मी बिल मागितले तेव्हा म्हणाला, "याचं बिल नाही होत, साहेब." मी मान डोलावली, पैसे मोजले आणि गाडी पकडली. हा कुठून आला, कोणी काढला, हे मी विचारले नाही.

आपल्या आया-आज्यांना प्रवाळ ठाऊक होते ते पोवळे म्हणून. युरोपात जुन्या काळी जपमाळेचे मणीसुद्धा पोवळ्यांचे करत. त्यामुळे प्रवाळ म्हणजे एक प्रकारचा खडा अशीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती लहान लहान जीवांची वसाहत आहे. हे जीव चुन्याचा सांगाडा रचत जातात, आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते, यजमान त्याला आसरा देतो. पाणी काही काळ जास्त तापले की हा शेजार मोडतो, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लवकर पाणी थंड झाले तर तो सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० व २०१६ साली हेच संकट आले. २०२४ मध्ये तर जगभरच्या समुद्रांत ते एकाच वेळी चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

आमच्या टाकीत ते एप्रिलमध्ये झाले. टाकीला २४ ते २७ अंश तापमान हवे. आमची खोली दुपारी ३४ अंशांवर जाते. पंखा लावून कसेबसे भागत होते. एका शनिवारी वीज गेली ती रात्रीच आली. बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाने मासे वाचले. प्रवाळ आठवड्याभरात पांढरा झाला, आणि मे महिना उजाडेपर्यंत त्यात जीव उरला नव्हता.

मुलाने तो हातात घेतला, वास घेतला आणि विचारले, "पप्पा, त्या माणसाने बिल का नाही दिलं?"

त्या रात्री मी शोधाशोध केली. उत्तर मिळायला दहा मिनिटेही लागली नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, २००१ साली दगडी प्रवाळांचा समावेश झाला. तो पकडणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. मेल्यावर त्याचा सांगाडा बाळगणेही कायद्याला मान्य नाही. मला हे माहीत नव्हते ही गोष्ट खरी. पण त्या दहा मिनिटांनी मला फार अस्वस्थ केले. टाकीसाठी मिठाच्या ब्रँडवर मी आठवडाभर वाचन केले होते. ह्या बाबतीत मात्र मला काही कळून घ्यायचेच नव्हते. बिल नाही म्हणाला तेव्हा मनात काहीतरी हलले होते. मी त्याला गप्प बसवले, कारण वस्तू सुंदर होती.

आपल्या ख्रिस्तसभेने ह्या प्रकाराचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये सदसद्विवेकबुद्धीविषयी एक प्रकरण आहे. अज्ञानामुळे माणसाचा दोष कमी होऊ शकतो किंवा नाहीसाही होतो, हे त्यात मान्य केले आहे. मात्र सत्य काय, चांगले काय हे शोधण्याची ज्याने फारशी तसदी घेतली नाही, त्याच्या अज्ञानाची जबाबदारी त्याच्याकडेच राहते असेही तिथे म्हटले आहे. 'माहीत नव्हते' आणि 'माहीत करून घेतले नाही' ह्यांत अंतर आहे. माझी नेमणूक दुसऱ्या बाकावर होती.

कोणी म्हणेल, एका तुकड्याने काय होते? मीही स्वतःला हेच म्हणून पाहिले. पण त्या मागच्या खोलीतला प्रत्येक तुकडा एकेकच विकला जात होता. फिलिपाइन्सची गोष्ट पाहा. तिथे १९६० च्या दशकात शोभेचे मासे धरण्यासाठी सायनाइड वापरण्याची पद्धत सुरू झाली. पाणबुड्या बाटलीतून प्रवाळाच्या फटीत विष सोडतो, गुंगी आलेला मासा सहज हाती येतो. त्यातले कित्येक मासे पुढे वाटेत मरतात, आणि प्रवाळही मरतो. हा कॅथलिक देश. पाण्यात उतरणारा तो गरीब माणूस आपल्यासारखाच रविवारी मिस्साला जाणारा असेल, आणि दूर कुठल्याशा शहरात काचेपुढे कौतुकाने उभा राहणारा गिऱ्हाईकही कदाचित जाणाराच. दोघांच्या मध्ये इतके हात आहेत की विष कोणाच्याच हाताला लागलेले दिसत नाही. तिथल्या महागुरूंनी १९८८ च्या आपल्या पत्रात समुद्राखालची अद्भुत दुनिया स्मशानवत कोणी केली असा सवाल केला होता, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात तो पुन्हा जगापुढे ठेवला.

समुद्रातल्या माशांवर देवाने माणसाला सत्ता दिली, हे उत्पत्तीच्या पुस्तकातले वचन आपल्याला तोंडपाठ असते. त्याच पानावर थोडे वर पाहिले तर पाचव्या दिवशी देव जलचरांना आणि पाखरांना आशीर्वाद देतो. पवित्र शास्त्रातला तो पहिला आशीर्वाद. माणूस तेव्हा अजून निर्माणही झालेला नाही. इतकी वर्षे ऐकूनही हा क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता.

आणि मासे-प्रवाळ राहू द्या. आपल्या परिसरात गेल्या काही दशकांत किती घरे उठली! रेतीचा ट्रक रात्रीच का येतो, ती रेती कुठल्या खाडीतून उपसली, हे घर बांधताना आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? मी विचारले नव्हते. विहिरीचे पाणी टँकरला विकताना शेजारच्या बावखलाचे काय होते हेही फारसे कोणी विचारले नाही. टाकीत मात्र असे करता येत नाही. तिथे जे झाकावे ते दुसऱ्या दिवशी वर तरंगते. मोठ्या जगात आपण फक्त तेवढे दूर उभे असतो.

मग टाकीच काढून टाकावी का? घरात ह्यावर दोन-तीनदा वाद झाला. पत्नीचे म्हणणे, मासे दर्यात सोडून मोकळे व्हावे. पण ते ह्या गढूळ किनाऱ्याचे नव्हेत, इथे सोडणे म्हणजे मारणे. क्लाऊनफिश टाकीत दहा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. म्हणजे मुलगा कॉलेज संपवेपर्यंत ही जबाबदारी आहे. माझे मत असे झाले आहे की मासे पाळणे गैर नाही, पण जो जीव कुठून आला हे सांगता येत नाही तो घरात आणणे गैर आहे. क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेही त्याचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून न उचललेला मासा मिळू शकतो. त्यासाठी विचारावे मात्र लागते, आणि दुकानदार उत्तर देईना तर रिकाम्या हाताने परतावे लागते. खडकावरची ती जागा आता आम्ही तशीच मोकळी ठेवली आहे.

हे सगळे मी कुमसारीत सांगितले. (दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये, आपल्या फादरांना माझा आवाज ओळखतो.) प्रवाळासाठी कुमसार ऐकून फादर हसतील अशी भीती होती. ते हसले नाहीत. थोडा वेळ थांबून त्यांनी एवढेच विचारले, "तो सांगाडा अजून घरी आहे का?"

आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, त्याच दुकानाच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. येत्या सोमवारी तो घेऊन मी वनखात्याच्या कार्यालयात जाणार आहे. तिथे काय विचारतील, काय लिहून घेतील, दंड किती होईल, काही कल्पना नाही. मुलगा म्हणतो, शाळा बुडाली तरी चालेल, मी पण येणार.