शरीर कोणाचे, जोखीम कोणाची

स्कूबा डायव्हिंगआधी भरायच्या आरोग्यपत्रात एक जुना धर्मप्रश्न आहे: स्वतःच्या शरीराविषयी खोटे सांगण्याची मुभा माणसाला असते का? छत्रपती संभाजीनगरहून सुट्टीत मालवण-तारकर्लीला गेलेल्या पर्यटकापुढे हा कागद येतो, तेव्हा पैसे भरून झालेले असतात आणि घरची मंडळी होडीत बसलेली असतात. दम्यापुढे ‘नाही’ लिहिले की काम भागते. पंप पिशवीतच राहतो.

समुद्रात दर 10 मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. 10 मीटरवर घेतलेला श्वास कोंडून वर आले, तर तीच हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. आकसलेल्या श्वासनलिकेमागे ती अडकली तर फुप्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात. जमिनीवर ओसरून जाणारी फिट पाण्याखाली आली, तर तोंडातला रेग्युलेटर सुटून माणूस बुडतो.

‘शरीर माझे, जोखीमही माझी’ हे म्हणणे इथे टिकत नाही. बेशुद्ध पर्यटकाला वर आणताना प्रशिक्षकालाही स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो, आणि त्या ‘नाही’वर विसंबूनच तो पाण्यात उतरलेला असतो. पंचशीलातले चौथे शील असत्य वचनापासून दूर राहण्याचे आहे. वेरूळच्या जैन लेण्यांमागची परंपरा सत्यालाही अहिंसेच्याच कसोटीवर तपासते. त्या कसोटीवर हे खोटे म्हणजे सरळ हिंसा ठरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली छत्रपती संभाजीनगरात उभारलेल्या महाविद्यालयाला ज्या मिलिंद राजाचे नाव आहे, त्याने भिक्खू नागसेनाला विचारले होते, की प्रव्रजितांना देह प्रिय असतो का? नसेल तर त्याची निगा कशाला? नागसेनाने लढाईतल्या जखमेचा दाखला दिला. जखम कोणालाच प्रिय नसते, तरी तिला मलमपट्टी करतातच. देहाची निगा आणि देहाचा लोभ यांची इतकी स्वच्छ फारकत क्वचितच कोणी केली असेल. आजार लपवण्यामागे बहुधा हा लोभच असतो. चारचौघांत धडधाकट दिसायचे असते.

‘होय’ लिहिले म्हणजे बंदीच आली, असे नसते. आटोक्यातला दमा असलेल्याला तपासणीनंतर परवानगी मिळू शकते; आपोआप फुप्फुस फाटून छातीत हवा साठल्याचा इतिहास असलेल्याला सहसा मिळत नाही. छातीला स्टेथोस्कोप न लावता ‘फिट’चा शिक्का देणारा डॉक्टरही त्याच असत्यात वाटेकरी होतो. अल्पवयीनांसाठी सही पालकांची असते. तिथे आईवडील दुसऱ्याच्या देहाची साक्ष देत असतात, म्हणून मुलाला पूर्वी कधी आलेली फिटही त्यांनी कागदावर आणलीच पाहिजे.