बेहड्याखालची मोजणी

नलदमयंतीचे नाव निघाले की मराठी वाचकाला रघुनाथ पंडित आठवतो, हंस आठवतो, स्वयंवर आठवते. महाभारताच्या वनपर्वातली कथा लग्नापाशी थांबत नाही. नल भाऊ पुष्कराशी महिनोन्‌महिने द्यूत खेळतो, राज्य घालवतो, बायकोला रानात सोडतो आणि अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे बाहुक नावाचा सारथी होऊन राहतो. दमयंती तोवर माहेरी, विदर्भात, कुंडिनपुरात पोचलेली असते. वर्धा नदीकाठचे आजचे कौंडिण्यपूर ते हेच, असे परंपरा मानते. तिच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी ऐकून ऋतुपर्ण निघतो आणि विदर्भाच्या वाटेवर, एका बेहड्याच्या झाडाजवळ, या कथेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रसंग घडतो.

धावत्या रथातून राजा झाडाकडे पाहतो आणि आकडे सांगतो. दोन फांद्यांवर पाने पाच कोटी, फळे दोन हजार पंच्याण्णव. नलाला हे पटत नाही. उशीर होत असताना तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. आकडा जुळतो. राजाने आधी त्याला एवढेच सुचवलेले असते, की फांदीचा मी दाखवतो तेवढाच भाग मोज. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतो, नलाच्या अंगात शिरून त्याला द्यूतात बुडवणारा कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो.

झाड बेहड्याचेच का, हे त्या काळच्या द्यूताकडे पाहिले की कळते. सारीपाटाचे लांबट फासे वेगळे. जुन्या द्यूतात बेहड्याची फळे हेच अक्ष होते. नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात त्रिफळ्यासाठी मिळतो तोच बेहडा, पेंचच्या जंगलात पानगळीनंतर झाडाखाली पडलेला दिसतो तोच. अभ्यासकांनी या खेळाची जी मांडणी केली आहे तिच्यात फळांच्या राशीला चाराने भागले जाते. बाकी शून्य राहिली तर कृत, तीन राहिली तर त्रेता, दोन राहिली तर द्वापर, एक राहिली तर कली. अशा खेळात नजरेने झटकन मोजता येणे हेच कौशल्य. राशीचा अंदाज आणि फाशांची विद्या ऋतुपर्णाजवळ एकत्र असणे त्यामुळे अगदी स्वाभाविक होते.

हा प्रसंग संभाव्यतेच्या एका पाश्चात्त्य अभ्यासकापुढे नेणारा माणूस मराठी होता, आणि एकेकाळी नागपूरच्या सायन्स कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून गेला होता. विद्याधर प्रभाकर गोडंबे. मर्यादित समूहातून नमुना कसा निवडावा यावरचा त्यांचा १९५५चा निबंध त्या शाखेत पायाभूत मानला जातो. पुढे ते कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात गेले. संभाव्यतेच्या कल्पनेचा उगम शोधणारे इयान हॅकिंग यांचे पुस्तक १९७५ साली आले, त्यात ऋतुपर्ण आहे आणि ही माहिती गोडंब्यांकडून मिळाल्याची नोंदही आहे. नागपुरात या नावाची आठवण अधिक जपली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता आजच्या फाशांकडे येऊ. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली तो रद्दच झाला. अमेरिकेत मात्र क्रॅप्स या दोन फाशांच्या खेळाभोवती गट जमतात. फासे विशिष्ट रीतीने धरून, ठरावीक उंचीवरून, हलकेच फेकले तर सात पडून डाव संपणे टाळता येते, असा या मंडळींचा विश्वास असतो. गटातला प्रत्येकजण आपल्या फेका लिहून ठेवतो: किती फेकांत किती सात, कोणावर किती पैसे लावले, काय हाती आले. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहांत सात येतो, म्हणजे सरासरी सहा फेकांत एकदा. ज्याच्या वहीत सात फेकांत एकदा दिसेल त्याचा हात चांगला, असे धरले जाते.

वही ठेवण्याच्या या वृत्तीबद्दल मला आदर आहे. अंगात आल्यासारखे खेळणाऱ्यापेक्षा लिहून ठेवणारा कधीही बरा. पण वही काय सांगू शकते याचा हिशेब कठोर आहे. साध्या हाताने हजार फेका केल्या तर सुमारे १६७ सात यावेत. निव्वळ दैवाने हा आकडा १४३ ते १९० या पट्ट्यात कुठेही भटकू शकतो. सातांत एकदाचा दावा करणाऱ्याचे हजारात सात येतील १४३. म्हणजे हजार फेका प्रामाणिकपणे लिहूनही तो या पट्ट्याच्या कडेवर जेमतेम उभा राहतो. शिवाय असे वीसजण गटात असतील तर कसलेही कौशल्य नसताना त्यांतला एखादा पट्ट्याबाहेर जाण्याचा संभव मोठा. गट नेमका त्यालाच पुढे करतो आणि त्याच्यावर पैसे लावतो.

पैशाची वही तर त्याहून धूसर. क्रॅप्समधल्या साध्या पास लाइन पैजेत कॅसिनोचा वाटा १.४१ टक्के. शंभर रुपयांच्या शंभर पैजा लावल्या तर सरासरी तोटा १४१ रुपये, पण चढउतार सहज हजार रुपयांचा. शंभर पैजांनंतर खिशात आठशे जास्त असले तर त्यातून हाताबद्दल काहीच कळत नाही. म्हणून फेकांची नोंद आणि पैशाची नोंद वेगळी ठेवावी लागते. जिंकलेल्या रात्रीच्या आनंदात त्या एकमेकींत मिसळतात. अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत २००९ साली एका बाईंनी चार तासांहून जास्त वेळ फासे हातात ठेवले, १५४ फेका झाल्या. कॅसिनोंत रोज होणाऱ्या असंख्य डावांत असे कधीतरी व्हायचेच. ती रात्र मात्र ऐकणाऱ्याच्या मनात कायमची घर करते आणि पाचव्या फेकीला सात येऊन संपलेले हजारो डाव कोणाच्याच तोंडी राहत नाहीत.

नोंद खरोखर कशी असते हे पाहायचे तर इंग्लंडमधल्या प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांच्याकडे पाहावे. १८९४ साली त्यांनी बारा फाशांच्या २६,३०६ फेकांची नोंद आपले स्नेही गॅल्टन यांना कळवली. प्रत्येक फासा धरला तर ३,१५,६७२ निकाल. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण निघाले ०.३३७७, एक तृतीयांशाहून किंचित जास्त. डोळ्याला न दिसणारा हा फरक दैवाचा की फाशाचा, हे ठरवण्यासाठी कार्ल पिअर्सन यांनी १९००च्या आपल्या काय-वर्ग कसोटीच्या निबंधात हेच आकडे वापरले, आणि दोष फाशाचा ठरला. ठिपक्यांसाठी खोदलेले खळगे पाच-सहाच्या बाजू हलक्या करतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. क्रॅप्सच्या गटाला एका बैठकीतच सत्य दिसल्यासारखे वाटते; इथे एवढा बारीक फरक हाती यायला तीन लाखांवर निकाल लागले. आणि वेल्डन यांचे कुठल्याच बाजूवर पैसे लावलेले नव्हते, हे मला फेकांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे वाटते.

नलाच्या कथेत नेमकी इथे मला अडचण वाटते. विद्या मिळाल्यावर तो आपल्या निषध राज्यात परततो आणि पुष्कराला एकाच डावात हरवतो. काव्याला ते शोभते. पण एका डावाने कोणाची विद्या सिद्ध होत नाही, नलाचीही नाही. मला पटणारा नल बेहड्याखालचा आहे. राजा सांगतो म्हणून न मानता, वेळ नसताना, तो मोजतो. ऋतुपर्णाने आकडा आधी उच्चारला आणि मोजणी नंतर झाली, हा क्रमही महत्त्वाचा आहे. मोजून झाल्यावर सांगितलेला अंदाज कोणीही सांगेल.

आमच्या विदर्भात मोजण्याची ही बाब पोथीपुरती राहिलेली नाही. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन पावसावर लावलेली पैज आहे, आणि त्या पैजेचा निकाल सरकारदरबारी पैसेवारीत, म्हणजे पिकाच्या अंदाजात, लिहिला जातो. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. ती पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाच्या सवलती बऱ्याच अंशी अवलंबून राहत आल्या आहेत. नजरेवर हे सोडता येत नाही म्हणून पीक कापणी प्रयोग आले. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी ही रीत देशभर रुजवली. कोणते शेत, शेतातला कोणता कोपरा, हे माणसाने न निवडता यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचे, मग त्या मापाच्या तुकड्यातले पीक काढून तोलायचे. पीक विम्याची भरपाईही याच मापावरून निघत असल्याने विमा कंपनीचा माणूस पीक चांगले दिसेल तिकडे जाऊ पाहतो, गाव वाळलेल्या वावराकडे ओढते. दोघांचेही त्यावर पैसे लागलेले असतात. आकड्याने दाखवलेल्या कोपऱ्यापासून दहा पावले जरी कोणी सरकले, तरी त्या महसूल मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांची भरपाई त्या दहा पावलांनी बदलते.