बाणाचा वेग

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक माता आम्हांला भेटावयास आली. तिचा मुलगा कॅनडातील ओंटारिओ प्रांतात स्थायिक झाला आहे. तिकडचे रीतसर शिकार-शिक्षण पुरे करून त्याने परवाना मिळविला होता आणि आता त्याला क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता व चाप असलेले यांत्रिक धनुष्य, विकत घ्यावयाचे होते. मध्यम वेगाचे घ्यावे की अतिवेगवान, हा त्याचा प्रश्न, आणि "फादर, यात पाप तर नाही ना?" हा आईचा. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दुकानदार देईल, आईच्या प्रश्नाचे आपण देऊ, असे आम्हांला प्रथम वाटले. पुढे ध्यानात आले, की ते दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले, त्यामुळे या बाबतीत आपल्याला फारशा कष्टावाचून सज्जन राहता येते. उत्तर अमेरिकेतील स्थिती निराळी आहे. तेथील मोठ्या प्रदेशांतून मनुष्याने लांडगे नाहीसे केले आणि पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार वाढली. ती जंगलातील कोवळी रोपे खाऊन टाकतात, मोटारींवर आदळून मरतात, कडक हिवाळ्यात उपासमारीनेही मरतात. म्हणून ठराविक हंगामात ठराविक शिकारीस तेथे मुभा असते. हरणाचे मांस घरी शिजते, काही वेळा गरिबांच्या अन्नछत्रासही दिले जाते. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मनाई नाही. मात्र त्यांना निष्कारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे बजावले आहे. तेव्हा मारावे की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. यातनेचा प्रश्न मात्र बाजूला ठेवता येत नाही, आणि वेगाचा संबंध तेथेच येतो.

हाताने ओढण्याची आधुनिक धनुष्ये सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास बाण सोडतात. आजच्या क्रॉसबोंचा वेग ४०० फुटांच्या पुढे गेला असून काहींनी ५००चाही टप्पा ओलांडला आहे. वेगाची बाजू मांडणारे म्हणतात, की वेगवान बाण दयाळू असतो. हे वाक्य ऐकून आम्ही दचकलो, पण ते पोकळ नाही. बाणापेक्षा ध्वनी वेगवान. प्रत्यंचा सुटल्याचा आवाज हरणाच्या कानी आधी पोहोचतो, ते दचकून उडी घेण्यासाठी अंग खाली दबवते, आणि काळजाचा वेध घेणारा बाण पाठीत किंवा पोटात शिरतो. असे जखमी हरीण रानात भरकटते व तासन्‌तास तडफडून मरते. चाळीस यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर, ध्वनी सुमारे ०.११ सेकंदात जातो. ३०० फूट वेगाच्या बाणाला ०.४ सेकंद लागतात. हरणाच्या हाती ०.२९ सेकंद उरतात. ५०० फूट वेगाच्या बाणाला ०.२४ सेकंद, उरतात अवघे ०.१३. एवढ्या अवधीत हरीण फारसे हलू शकत नाही. शिवाय वेगवान बाणाचा मार्ग अधिक सरळ असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी घाव जागी बसतो. ज्यांच्या खांद्यात धनुष्य ओढून धरण्याचे बळ नाही, अशा वृद्धांना व अपंगांनाही हे यंत्र वापरता येते, कारण ताणलेली प्रत्यंचा यंत्रच धरून ठेवते.

आता याच गणिताची दुसरी बाजू. ५०० फुटांचे धनुष्य हाती आलेला मनुष्य चाळीस यार्डांवर थांबतो काय? दुर्बिणीत दूरच्या अंतरांच्या रेषा आखलेल्याच असतात. तो ऐंशी यार्डांवर बाण सोडतो. तेथे बाणाला ०.४८ सेकंद, ध्वनीला ०.२२, हरणाच्या हाती ०.२६ सेकंद. म्हणजे जुन्या धनुष्याच्या चाळीस यार्डांशी आपण जवळजवळ पुन्हा येऊन पोहोचलो. हवेच्या अवरोधाने बाण वाटेत मंदावतो, ते यात धरलेलेच नाही. आवाज न ऐकताही हरीण सहज एक पाऊल पुढे टाकू शकते, तेही नाही. वेगाने जी दया मिळवून दिली, ती अंतराच्या मोहाने खर्चून टाकली. बंदुकीच्या गोळीसारखा बाण धक्क्याने मारीत नाही; त्याच्या टोकाची धारदार पाती रक्तवाहिन्या कापतात आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. पाती कोठे लागली, यावर सारे अवलंबून. आणि क्रॉसबो पुन्हा ताणण्यास वेळ लागतो, त्यामुळे चूक सुधारण्याची संधी बहुधा मिळत नाही.

ख्रिस्तसभेला या शस्त्राचा प्रश्न नवा नाही. ११३९ साली पोप दुसरे इनोसंट यांच्या कारकीर्दीत भरलेल्या दुसऱ्या लॅटेरन परिषदेने या धनुर्धरांची विद्या प्राणघातक व ईश्वराला तिरस्करणीय ठरवून ती ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरण्यास बंदी केली. फक्त ख्रिस्ती लोकांविरुद्ध! त्या मर्यादेची आज आम्हांला लाज वाटते. शिवाय चिलखत घातलेल्या सरदाराला एखादा सामान्य शिपाई दुरून लोळवू शकतो, ही तक्रार त्या काळी होतीच. तिच्यात दयेपेक्षा अभिमान किती होता, कोण जाणे. बंदी कोणी पाळली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ साली फ्रान्समध्ये अशाच बाणाने घायाळ झाला व काही दिवसांनी जखम चिघळून मेला.

परंतु आम्हांला अधिक आठवते ती आपल्याकडची कथा, श्रावणबाळाची. दशरथ क्रूर नव्हता. नेमबाजीत कच्चाही नव्हता. उलट नुसत्या आवाजावरून वेध घेण्याची विद्या त्याच्याजवळ होती, म्हणूनच न पाहता बाण सोडण्याचा मोह त्याला झाला. घागर बुडण्याचा आवाज त्याने हत्तीचा मानला. विद्या जेवढी दूर पोहोचली, तेवढी दृष्टी पोहोचली नव्हती.

हे सारे लिहिताना आमचेच मन आम्हांला बोचू लागले. नाताळाच्या आदल्या दिवशी आपल्या गावांतून डुकरांचा जो आक्रोश ऐकू येतो, तो किती सेकंदांचा असतो, हे आपण कधी मोजले नाही. होडीच्या तळाशी धडपडणाऱ्या माशांचेही नाही. ओंटारिओतल्या त्या मुलाने हरणाच्या मरणाचा निदान विचार तरी केला. आम्ही रविवारचे ताट पुढे ओढताना तेवढाही करीत नाही. म्हणून उपदेशाचा सूर टाकून आम्ही त्याला एवढेच कळविले, की धनुष्य वेगवान घेण्यास आमची हरकत नाही, पण आधी तुझे अंतर ठरव. दहापैकी दहा बाण ज्या अंतरावरून तळहाताएवढ्या जागेत बसतील ते तुझे अंतर, आणि वेग वाढला म्हणून ते वाढवावयाचे नाही.

हंगाम संपल्यावर त्याचे पत्र आले. अंतर त्याने तीस यार्डांचे ठरविले होते. दोन पहाटे एक मोठे काळवीटासारखे शिंगाळ हरीण समोर आले, दोन्ही वेळा साठ-पासष्ट यार्डांवर उभे राहिले, आणि निघून गेले. तिसऱ्या वेळी ते आलेच नाही. आम्ही पत्र आईला वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे एवढे पैसे घालून रिकाम्या हातानेच परतला की हो, फादर!"