जुना पत्रा, नवा पत्रा

जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण नेमके काय वाचवीत असतो? वस्तू, तिचे रूप, की तिचा इतिहास? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण घरामागच्या शेडमध्ये जुनी गाडी खोलून बसलेल्या माणसाला तो पावलोपावली छळतो.

इंग्लंडमधील जॅग्वार एक्सके १२० ही स्पोर्ट्स कार १९४८च्या लंडन मोटर शोमध्ये लोकांसमोर आली. पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने बसवून केलेली होती; १९५०पासून पोलादी बॉडी आली. त्या पहिल्यांपैकी एखादी गाडी घरी दुरुस्त करायची, तर आधी पत्र्याचा स्वभाव शिकावा लागतो. ठोकत गेले की ॲल्युमिनियम कडक होते; हट्टाने ठोकले तर तडकते. मऊ करायला तापवावे, तर लोखंडासारखे लाल होऊन ते सावध करीत नाही. ६६० अंश सेल्सिअसला सरळ वितळते. म्हणून कारागीर पत्र्यावर आधी ॲसिटिलीनच्या ज्योतीची काजळी धरतात आणि ती उडून जाईपर्यंतच शेकतात. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीचे हलके ठोके. हा हुनर दोन-चार पत्रे वाया घालवल्याशिवाय हाती येत नाही.

खरी परीक्षा पुढे असते. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकते, तिथे ओल शिरली की पत्रा पांढरी भुकटी होऊन झडतो. तेवढाच भाग कापून जोड द्यायचा, की सगळा पत्रा बदलायचा? की लांबी भरून वर रंग मारायचा? रंगाखाली कोण पाहतो!

अशाच एका वादाचा निकाल १९९०मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात लागला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३०मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग इतके बदलले गेले, की ही ती गाडीच नव्हे, असे सांगून खरेदीदाराने व्यवहार नाकारला. मूळचे फारसे काही उरलेले नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. तरीही गाडीचा इतिहास अखंड आहे, म्हणून हे नाव तिचेच, असा निकाल त्यांनी दिला.

म्हणजे काहीही बदलावे आणि जुने नाव मिरवावे, असे का? आम्हांला तसे वाटत नाही. इतिहास अखंड राहतो तो प्रत्येक बदलाचा हिशेब खरा ठेवल्याने. नवा पत्रा बसवणे हा गुन्हा नव्हे. तो जुना म्हणून विकणे ही बेइमानी आहे. पहिल्या कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक नसते, पुढच्या मालकाचा चेहराही नसतो. दोघांची अमानत मात्र आपल्या हाती असते. कापलेला तुकडा जपून ठेवावा, जोड कुठे दिला ते वहीत लिहावे आणि गाडीबरोबर ती वहीही द्यावी.