धूळपाटीवरचं वाक्य

आष्टी म्हटलं की ‘कुठली?’ हा प्रश्न येतोच. वर्ध्याची आष्टी लोकांना १९४२मुळे माहीत असते, बीडची तालुक्याचं ठिकाण म्हणून. मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. एका नावाच्या अशा अनेक गोष्टींसाठी मराठी विकिपीडियावर ‘निःसंदिग्धीकरण’ नावाचं पान असतं. हा शब्द नीट उच्चारेपर्यंत माणूस परतूरहून गावात पोचतो, असं माझा भाचा म्हणतो.

भाचा पुण्यात शिकतो. दिवाळीला आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच विषय होता. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम २०२० साली आला, तो पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने केला, आणि त्यावर मराठीत धड काही वाचायला मिळत नाही. ‘मामा, तुम्ही इतकी वर्षं पुस्तकांची मुद्रितं तपासली. आपण दोघं लिहू.’ आधी विकिपीडियाच्या धूळपाटीवर कच्चा मसुदा करायचा. तिथे उभा राहिला तर ठीक, नाहीतर खेळांसाठीच्या एखाद्या वेगळ्या विकीवर न्यायचा, असं ठरलं.

कच्च्या लिखाणाच्या जागेला ‘धूळपाटी’ हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. माझ्या आजोबांनी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवली होती. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. इथे मात्र हात फिरवला तरी काही पुसलं जात नाही. ‘इतिहास’वर टिचकी मारली की कुणी, कधी, काय काढलं ते तारीखवेळेसह समोर येतं. हे मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

खेळातली राजी ही मुलगी आहे. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधात निघते. वाटेत भिंतींवर पुराणकथांची चित्रं लागतात. त्यांच्यापाशी गेलं की ती कथा ऐकू येते. यावर भाच्याने लिहिलं होतं : ‘चित्रापाशी थांबलं तर गोष्ट कळते, नाही थांबलं तर नुसती मारामारी उरते.’ रात्री तो झोपल्यावर मी ते वाक्य काढलं आणि लिहिलं : ‘खेळात पौराणिक कथांवर आधारित भित्तिचित्रे आढळतात.’ सवयीचा हात. मला तेव्हा बरंही वाटलं.

सकाळी त्याने इतिहास उघडला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, ‘मामा, तुम्ही तर खेळलेच नाहीत.’

मी नियम सांगितला. विकिपीडियावर स्वतःचं मत चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी, विश्वास ठेवावा अशा ठिकाणी, आधी छापलेलं असावं लागतं. नसेल तर वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ची पाटी लागते. तो म्हणाला, खेळांच्या विकीवर उलटं असतं. तिथे तुम्ही स्वतः खेळून पाहता, दहादा मोजता आणि लिहिता. दुसरा खेळून पडताळतो आणि चूक असेल तर दुरुस्त करतो.

आपल्याकडे नैयायिकांनी चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन, ज्याच्यावर विसंबावं अशा माणसाचं सांगणं. विकिपीडिया शब्दावर उभा आहे, खेळांची विकी प्रत्यक्षावर. दोन्हींना आपापली कारणं आहेत. कुणीही येऊन लिहू शकेल अशा जागी लिहिणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मग आप्त कोण हे ठरवायला छापील कागद लागतो. खेळ मात्र कुणालाही पुन्हा लावून पाहता येतो.

पण माझी अडचण याने सुटत नव्हती. कथानक सांगताना खुद्द खेळ पुरावा म्हणून चालतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे भाच्याच्या वाक्याचा पूर्वार्ध नियमात बसत होता; उत्तरार्धात त्याने अर्थ लावला होता. मी दोन्ही काढले. शिवाय माझं वाक्य कमी बोलत होतं, इतकंच. निःपक्षपाती ते नव्हतंच. चित्रं ‘आढळतात’ म्हणजे कुणाला? न खेळलेल्या माणसाने, न पाहिलेल्या भिंतीबद्दल, खात्रीच्या सुरात केलेलं ते विधान होतं. खोटं नव्हतं, पण मला ते लिहिण्याचा अधिकार कुठून आला, हे मला सांगता आलं नाही.

पैठण इथून फार लांब नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; मधल्या काळात लोकांनी घुसडलेलं आणि बिघडवलेलं काढलं, आणि पुढे कुणी यात आपली ओवी घालू नये अशी तंबी दिली. विकीचा सगळा कारभार याच्या उलट आहे : या, आणि आपली ओवी घाला. (एका खेळावरच्या लेखासाठी नाथांना बोलावणं अति झालं, कबूल आहे.) पण त्यांनी उघडपणे सांगून हात लावला. मी रात्री, न विचारता, आणि त्याच्यापेक्षा कमी जाणून.

अशा लेखनात मालकी कुणाचीच नसते, असं म्हणायची पद्धत आहे. मजकूर मुक्त असतो, श्रेय देऊन कुणीही न्यावा. २०२३च्या सप्टेंबरमध्ये ‘माइनक्राफ्ट’ची विकी लिहिणारे लोक ‘फॅन्डम’ सोडून मजकुरासह दुसरीकडे गेले. जुनी प्रतही तिथेच राहिली. मजकूर असा नेता येतो. पण सोबत लिहिणाऱ्याला आपण काय देणं लागतो, याचं कलम कुठल्याच परवान्यात नाही. त्याच्या वाक्याला हात लावण्याआधी ते खरं आहे का हे पाहण्याचे कष्ट तरी मी घ्यायला हवे होते.

मग दोन दिवस मी खेळलो. म्हणजे भाचा खेळला आणि मी एकदोनदा दरीत पडलो. चित्रांपाशी थांबलो, पुढच्या वेळी मुद्दाम थांबलो नाही. त्याचं वाक्य बरोबर होतं. आता मसुद्यात असं आहे : ‘भित्तिचित्रांपाशी थांबल्यास खेळाडूला त्यांची कथा ऐकू येते, त्यांना वगळूनही पुढे जाता येते.’ ‘नुसती मारामारी’ गेली. ते त्याने स्वतः काढलं, मला विचारून.

जाण्याआधी त्याने गावाचं पान काढलं. एका जुन्या पुस्तकात आष्टी परभणी जिल्ह्यात दाखवली होती, म्हणून तो चूक दुरुस्त करायला निघाला. ती चूक नव्हती. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून इकडे आला. (मराठी विकिपीडियाही १ मेचाच, २००३चा.) माझी आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘परभणीच. कोर्टाचं काही निघालं की परभणीलाच जावं लागायचं.’ आणि मग कोण कोण, कशाने, किती वाजता निघायचे ते तिने सांगितलं.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. ‘हे कुठे लिहायचं?’

मी म्हणालो, आधी वहीत लिही. तो वही आणायला आत गेला.