आठ आण्यांचा रस्ता

पुणे-नगर रस्त्यावर लोणीकंदला उतरले, की आधी नजरेत भरते ती ट्रकांची रांग. दोनशे वर्षांपूर्वी थॉमस कोट्स नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने हे गाव बारकाईने पाहिले होते. घरे, शेते, बलुतेदार, लोकांचे खाणेपिणे असे सारे त्याने टिपले आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीने ते 1823 मध्ये छापले. पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक 1960 चे. कोट्सने पाहिलेल्या लोणीकंदात घरे एका जागी दाटीने उभी होती आणि शिवार भोवती पसरलेले होते.

देशावरच्या गावाचा हा जुना साचा. वस्तीची जागा ती पांढरी, पिकाची ती काळी. विहीर, चावडी, देऊळ आणि लुटारूंपासून बचाव, सगळेच एकत्र राहण्यात असल्यामुळे माणसे पांढरीत दाटली. अर्थात, ही दाटीही सर्वांना सारखी नव्हती. दलितांची घरे गावकुसाबाहेर ठेवली गेली. त्या वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो थेट डिसेंबर 2020 मध्ये. पाटी बदलली तरी वस्तीची दिशा कुठे बदलते?

घरे गावात आणि काम रानात, म्हणून रस्तेही त्याच बेताचे. वेशीतून निघालेली वाट शिवाराकडे फाटे फोडत जायची. कोल्हापूरकडे तिला पाणंद म्हणतात, विदर्भात पांदण. सकाळी बैल रानात आणि दिवेलागणीला माघारी, एवढेच तिचे काम.

जमीनमोजणीने या वाटा कागदावर आणल्या. गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात, पायवाट तुटक एकेरी रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. हे असले आकडे कुठून आले? मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा. तेहतीस फूट लांब-रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. त्या हिशेबाने साडेसोळा फुटांचा गाडीमार्ग हा आठ आण्यांचा रस्ता आणि पायवाट चार आण्यांची. बैलगाडीला आठ आणे पुष्कळ होते.

मग पाणी आले. 1885 साली नीरेचा डावा कालवा झाला, त्या पाण्यावर ऊस वाढला आणि सासवडचे माळी जमिनी खंडाने करायला बारामतीकडे गेले. पुढे विहिरीवर विजेची मोटर बसली. रात्री-बेरात्री पाणी धरायचे, गोठ्यात दुभती जनावरे, पहाटे दूध घालायचे. मग गावातल्या वाड्यात कोण झोपणार? आधी पत्र्याची खोली, मग स्लॅबचे घर, शेजारी भावाचे दुसरे. झाली वस्ती. पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यात आज अशा मळ्यातल्या वस्त्या जागोजागी आहेत. घर काळीत गेले, नकाशा पांढरीतच राहिला.

कोकणात रस्त्याचा प्रश्न वेगळा. तिथे गाव आधीपासूनच वाड्यांमध्ये विखुरलेले, प्रत्येक घर आपापल्या परसात. वाडीला वाडी जोडणारी दगडी पाखाडी पायी चालणाऱ्यासाठी बांधली गेली. तिच्यावर चारचाकी चढत नाही, आणि आजारी म्हातारीला अजून डोलीतून उतरवावे लागते अशाही वाड्या आहेत.

डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने खेड्यांना डांबराचा रस्ता दिला हे खरे. पण तिचा निकष सपाट भागात पाचशे लोकवस्तीचा, डोंगरी आणि आदिवासी भागात अडीचशेचा. मळ्यातली आठ-दहा घरे त्या गणितात बसत नाहीत. त्यांचा रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून जातो, म्हणजे खरे तर शेजाऱ्याच्या मर्जीवरून. दोन भाऊ वेगळे झाले, की आधी बांध कोरला जातो, मग वाटेत काट्या पडतात. नकाशावरच्या साडेसोळा फुटांतून दरवर्षी नांगराचे एकेक तास कमी होत जाते आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रक फडापर्यंत पोहोचेना, तेव्हा सगळ्यांना नकाशा आठवतो.

कायदा नाही असे नाही. अडवलेली वाट मोकळी करायला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 आहे. त्याखाली तहसीलदार शेतांच्या हद्दीवरून रस्ता देऊ शकतात. पण हे कलम शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी आहे. घराचा, शाळेचा, बाळंतिणीचा उल्लेख त्यात नाही. म्हणून पोरांना शाळेत जाता येत नाही ही खरी अडचण असली, तरी तहसील कचेरीतल्या अर्जात शेतात अवजारे नेण्यास रस्ता नाही, असेच लिहावे लागते.