चौकाची भिंत

दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ३ लाख ४३ हजारांवर गेली आणि आदिवासींचं प्रमाण ६२ टक्क्यांवरून ५२ वर उतरलं. मूळची माणसं कुठं गेली नाहीत. करसवलतींपायी कारखाने आले, कारखान्यांमागून बाहेरचे कामगार आले आणि गलोंड्यासारख्या सिल्वासाच्या आसपासच्या गावांत लावणी-कापणीच्या बरोबरीनं पाळ्यांचं घड्याळ चालू लागलं. आपल्या वाचकाला सिल्वासा आठवतं ते २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगीजांच्या हातून सुटलं म्हणून आणि त्या लढ्यात उतरलेल्या गायक-संगीतकार सुधीर फडक्यांमुळे. त्यानंतर १९६१ मध्ये हा मुलूख भारतात विलीन झाला, दमणगंगेवरच्या मधुबन धरणाखाली जमिनी गेल्या, २०२० मध्ये दमण-दीवची जोड मिळाली. घरात बसल्या बसल्या पत्ता बदलणारी माणसं आहेत ही.

अशा उलथापालथीवर हल्ली एक उपाय हमखास सुचवला जातो: रंगवा, लिहा, मोकळे व्हा. यात तथ्य नाही असं नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून उठताना त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. मोकळं होण्याचे सल्ले देणारे हा भाग सहसा गाळतात.

याच मुलखातल्या वारली आदिवासींच्या लग्नात घराच्या भिंतीवर काढला जाणारा चौक ‘मोकळं हो’ असं कुणालाच म्हणत नाही. शेणानं सारवून गेरू दिलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सवाशिणी बसतात आणि आधी चौकट आखतात. पट्टीला लागून पट्टी, प्रत्येकीत ठरलेली बारीक नक्षी. मधे पालघट देवी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. सूर्य, चंद्र, फणी, शिडी यांच्याही जागा असतात. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते. हा चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही.

उद्या परक्या घरी जाणाऱ्या मुलीला काय वाटतंय हे त्या भिंतीवर कुठंच नसतं, आणि मला त्यातच शहाणपण दिसतं. कोऱ्या भिंतीसमोर घाबरलेल्या माणसाला ‘तुला हवं ते काढ’ म्हणणं हा निम्मा छळच. चौकात पहिली रेघ कुठं मारायची हे आजीच्या आजीनं ठरवून ठेवलेलं असतं. हात थरथरत असले तरी काम सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की चौकटीच्या भोवती झाडं, माकडं, ताडावर चढणारा माणूस, वरात असं जिला जे सुचेल ते उमटत जातं. काळजी संपत नाही, पण घरभर पसरलेली ती काही काळ भिंतीपाशी येऊन बसते, शेजारणींच्या सोबतीनं.

पण या भिंतीला एक दार आहे आणि ते सगळ्यांसाठी उघडत नाही. काडी धरायची ती सवाशिणीनंच. जिचं आयुष्य खऱ्या अर्थानं उलटंपालटं झालंय त्या विधवेला चौकात हात घालता येत नाही. परंपरेचं कौतुक करताना आपण इथं नजर चुकवतो.

ज्यांना भिंत नव्हती त्यांतलाच एक वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातला. सात वर्षांचा असताना आई गेली आणि पोरगा बोलायचा थांबला. सांगायचं ते मातीत बोटानं काढून दाखवायचा. ना सवाशीण, ना बाई. चौकात त्याला जागा नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन आले तेव्हा बायका बुजल्या, म्हशे सरसावले. पुढे १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. पुरस्कारांपेक्षा मला त्यांची मासेमारीची जाळी मोठी वाटतात. अख्खा कागद व्यापणारं, बारीक रेघांनी विणलेलं जाळं कुठल्याही विधीनं त्यांच्याकडे मागितलं नव्हतं. तरी त्यातली शिस्त चौकाच्या पट्ट्यांचीच आहे.

कागदावर काढणारीला कुंकू लागत नाही, ही त्यातली मोठी कमाई. तिचं मोलही द्यावं लागतं. चौकाची चौकट देवीनं आखलेली, कागदाची गिऱ्हाईक आखतं. आणि गिऱ्हाइकाला हवा असतो तारप्याच्या सुरावर नाचणाऱ्यांचा फेर. कपबशीवर, साडीच्या पदरावर, सरकारी कुंपणभिंतीवर तोच फेर गरगरतो. बारा तासांची पाळी करून आलेल्या पोराला रात्री ऑर्डरचे पन्नास फेर पुरे करायचे असतील, तर रेघ त्याचीच, काडी त्याचीच, पण हे त्याचं दुसरं कारखान्याचं काम झालं. त्यातून त्याच्या घरात पैसा येतो आणि तो यायलाच हवा. एकावन्नावा कागद मात्र त्याच्यासाठी कोरा ठेवायची ऐपत घाऊक खरेदी करणाऱ्यांनी दाखवलेली मी अजून पाहिलेली नाही.